लीडरशिप नंतर आली, आधी आली 500 रुपयांची रेघ

आज टीम लीड व्हायला लोकं धडपडतात, म्हणून प्रमोशन नको म्हणणारा माणूस विचित्र वाटतो. पण ऐंशीच्या दशकात पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशी माणसं होती. माझे एक काका त्यातलेच, "स्टाफमध्ये जा", म्हणजे सुपरवायझर हो, म्हटलं की हात जोडायचे. कारण स्टाफमध्ये गेलं की युनियन सुटायची, बऱ्याच ठिकाणी ओव्हरटाइमही सुटायचा, आणि वरून कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांच्यावरच नजर ठेवायची.

त्याआधीचं थोडक्यात. मुंबईच्या गिरण्यांत सुपरवायझरची ही जागा जॉबरची, म्हणजे कामगारांच्या मुकादमाची होती, बायकांच्या खात्यात नायकिणीची, म्हणजे बाई मुकादमाची. कामावर कुणाला घ्यायचं हे तोच ठरवायचा, गाववाल्यांना भरायचा आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे कमिशन, खायचा. 1935 मध्ये मालकांनी बदली कामगारांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्यांना, कार्डं द्यायला सुरुवात केली ती जॉबरची ही ताकद कमी करायलाच. जॉबरला कुणी लीडर म्हटलं नाही, पण माणसं त्याच्या शब्दावर हलायची हे खरं.

खरा गुंता कायद्यातल्या एका शब्दाचा आहे, 'वर्कमन', म्हणजे ज्याला त्या कायद्याचं संरक्षण मिळतं तो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्कमन म्हणजे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम करणारा, सुपरवायझरचा त्यात उल्लेखच नव्हता. 1956 मध्ये दुरुस्ती करून त्याला आत घेतलं, पण महिना 500 रुपयांपर्यंत पगार असेल तरच. मॅनेजर तर पगार कितीही असो, बाहेरच. 1956 ला 500 रुपये म्हणजे चांगला पगार होता, त्यामुळे तेव्हा ते ठीक वाटलं असेल, पण हा आकडा 1984 पर्यंत, म्हणजे 28 वर्षं, तसाच राहिला! मधे महागाई कुठल्या कुठे गेली, बऱ्या कंपनीत मशीनवरचा माणूसही 500 च्या वर गेला, मग उरलं काय तर फक्त हुद्दा. मशीनवाला कितीही कमवू दे, तो वर्कमनच, पण सुपरवायझरचा शिक्का बसला की संपलं, कामावरून काढलं तर लेबर कोर्टाची वाट बंद. 1984 ला मर्यादा 1,600 झाली, आणि मग परत 2010 पर्यंत कुणी हात लावला नाही, तेव्हा 10,000. मला तरी हा नुसता आळस वाटत नाही, ज्यांना ही रेघ सोयीची होती त्यांनी ती हलवायची घाई केली नाही इतकंच.

कंपन्यांनी अर्थात फायदा घेतला. हाताखाली माणूस नाही, रजा द्यायचा अधिकार नाही, तरी नाव सुपरवायझर. मग भांडणं कोर्टात गेली आणि कोर्टांनी वेळोवेळी सांगितलं की हुद्दा बघायचा नाही, प्रत्यक्ष काम बघायचं. दुसऱ्याचे हिशोब तपासणं म्हणजे देखरेख नव्हे, काम वाटून देणं, रजा मंजूर करणं, शिस्तीची कारवाई करणं असं काही आहे का ते बघायचं.

सुपरवायझरला शिकवण्याचं काय? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुपरवायझरसाठी छोटे कोर्स बसवले होते, काम शिकवणं, कामाची पद्धत सुधारणं आणि माणसांशी वागणं, बस तीनच विषय. पन्नाशीच्या दशकात ते आपल्याकडेही आले. पण 1961 पासून मोठ्या मॅनेजमेंट संस्था निघाल्या आणि सगळं लक्ष वरच्या खुर्चीकडे गेलं. शॉपफ्लोअरवरून वर आलेल्याला बहुतेक वेळा नुसतं लेटर हातात मिळायचं, उद्यापासून तू बघ म्हणून.

नव्वदीनंतर आयटी आलं, हिंजवडी उभी राहिली आणि शिडीला पायऱ्याच पायऱ्या झाल्या, मॉड्यूल लीड, टीम लीड, प्रोजेक्ट लीड. दर दोन-तीन वर्षांनी नवीन नाव मिळालं नाही तर पोरं दुसरीकडे उडी मारणार, म्हणून पायऱ्या वाढवल्या असा माझा अंदाज. नोकरकपात सुरू झाली की मात्र तोच 1956 चा प्रश्न परत येतो, हा वर्कमन की नाही? 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत सुपरवायझरची मर्यादा 18,000 केली, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. टीम लीडचा पगार सहसा याच्या कितीतरी वर, त्यामुळे त्याची सगळी भिस्त आपण सुपरवायझर नाहीच हे दाखवण्यावर, म्हणजे प्रमोशनच्या ज्या लेटरचा फोटो स्टेटसला टाकला होता तेच खोटं पाडायचं.