टायबरच्या खोऱ्यातला पळसगावचा नाईक

मुलांनो, मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात माणगाव लागतं. तिथे तहसील कार्यालयाजवळ एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. हे नाईक यशवंत घाडगे, याच तालुक्यातल्या पळसगावचे. नाईक हा फौजेतला हुद्दा. १६ नोव्हेंबर १९२१ चा जन्म. १० जुलै १९४४ रोजी ते इटलीत धारातीर्थी पडले, तेव्हा जेमतेम २२ वर्षांचे होते. कोकणातला हा पोरगा लढायला इटलीत कसा पोचला, ते आधी सांगते.

तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंडने जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉयने भारतालाही त्यात ओढलं, इथल्या पुढाऱ्यांना न विचारता. पण फौजेत सक्ती नव्हती. जी २५ लाखांवर माणसं भरती झाली, ती आपणहून. कोकणात एकदा भात झोडून झालं की हाताला काम नसे. मग कुणी मुंबईची गिरणी गाठे, कुणी पलटण. यशवंत मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेले. या पलटणीचं मूळ थेट १७६८ पर्यंत जातं आणि शत्रूवर तुटून पडताना तिचे जवान आजही ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी गर्जना करतात.

जून १९४४ मध्ये इटलीची राजधानी रोम इंग्लंडच्या बाजूच्या फौजांनी जर्मनांकडून घेतली. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागलं, पण जाताना प्रत्येक टेकडी लढवत होतं. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या मागावर आपली दहावी डिव्हिजन, म्हणजे भारतीय फौजेचा एक मोठा विभाग होता आणि तिच्यात यशवंतांची पलटण.

१० जुलैला यशवंतांची तुकडी पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगन धडाडली. क्षणात सगळे सोबती पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले एकटे यशवंत. ते मागे फिरले नाहीत. धावत जाऊन त्यांनी हातगोळा फेकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प झाले. टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. अजून दोघे उरले होते आणि गोळ्या संपल्या! नवं मॅगझिन चढवायला सवड नव्हती. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्या दस्त्याने त्या दोघांना लोळवलं. मशीनगनची ती जागा काबीज झाली. पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच जागी त्यांनी प्राण सोडला.

युद्ध इंग्रजांचं होतं, मग हे शौर्य कुणासाठी, असं मोठी माणसं कधीकधी विचारतात. मला वाटतं, आजूबाजूला पडलेल्या त्या सोबत्यांसाठी.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. साधा कांस्याचा क्रॉस, किरमिजी फीत, पण लढाईतल्या शौर्यासाठी ब्रिटिश फौजेत याहून मोठं पदक नाही. १९११ पर्यंत ते भारतीय सैनिकांना मिळतच नसे. यशवंतांचं पदक त्यांच्या पत्नीच्या हाती आलं.

यशवंतांची समाधी कुठेच नाही. इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा हजारो सैनिकांबरोबर, त्यांचं नाव कोरलेलं आहे. आणि जुलै २०२३ मध्ये, ते जिथे लढले त्या भागातल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं.