नटाचा देह आणि प्रेक्षकाची समरसता : एका विचाराची पार्श्वभूमी

पडद्यावरचा नट कड्यावरून घसरला की प्रेक्षक खुर्चीतच अंग आकसून घेतो. या अनुभवाची मीमांसा सिनेमाच्या अभ्यासकांनी सुरू केलेली नाही. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर लिप्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दोरीवरच्या कसरतपटूचे उदाहरण देऊन असे मांडले होते की, पाहणारा त्या हालचालींचे मनोमन अनुकरण करतो आणि त्यामुळे कसरतपटूचा तोल त्याला स्वतःचाच वाटू लागतो. आपल्याकडे नाट्यशास्त्राने अभिनयाच्या चार प्रकारांत आंगिक अभिनयाचा उल्लेख आधी केला आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

रशियात १९२०च्या दशकात नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड यांनी नटांकडून शारीरिक हालचालींची काटेकोर तालीम करून घेतली. अंगाची ठेवण नेमकी साधली की भावना तिच्या मागोमाग येते, अशी त्यांची धारणा होती आणि त्यांचे शिष्य, चित्रपट दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांनी तीच धारणा प्रेक्षकाच्या देहालाही लागू केली. त्याच काळातला रशियन चित्रपट दिग्दर्शक कुलेशोव्ह यांचा प्रयोग मात्र अधिक गाजला. नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्याला निरनिराळी दृश्ये जोडली की त्यावर निरनिराळे भाव भासतात, असे संकलनाचे सामर्थ्य त्यांनी दाखवले. त्यातून नटाचे शरीर गौण ठरवले गेले, हे काहीसे अन्यायाचेच झाले, कारण खुद्द कुलेशोव्हही आपल्या विद्यार्थ्यांना हालचालींची कसून तालीम देत असत.

मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याच्या १९२८ सालच्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीच्या जागी नेमका उभा असल्यामुळे तो बचावतो. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही, तरी प्रेक्षकाचा श्वास अडकतो. ही पडझड जवळच्या दृश्यांत तोडून दाखवली असती, तर तो थरार उरला नसता.

प्रयोगशाळेतला पुरावा बराच नंतर आला. स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांनी १९७३ साली अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवरचे मोजके प्रकाशबिंदू तेवढे दाखवले, तरी पाहणाऱ्यांनी माणूस लगेच ओळखला. पुढच्या प्रयोगांत अशा बिंदूंवरून राग आणि दुःखही ओळखता आले. १९९०च्या दशकात इटलीतील पार्मा येथे माकडांच्या मेंदूत आरसा-पेशी, म्हणजे एखादी कृती करताना आणि तीच दुसऱ्याने केलेली पाहतानाही सक्रिय होणाऱ्या पेशी, आढळल्या. माणसाच्या सहानुभूतीचे श्रेय त्यांना कितपत द्यावे, याविषयी अजून मतभेद आहेत. लंडनमध्ये २००५ साली झालेला एक अभ्यास मला अधिक बोलका वाटतो : बॅले आणि कापोएरा (ब्राझीलमधला नृत्यासारखा युद्धकलाप्रकार) यांच्या नर्तकांना दोन्ही नृत्ये दाखवली असता, स्वतः शिकलेले नृत्य पाहताना त्यांच्या मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले.