अंबर (अंब्रा ग्रिसिया)

अंबर हा स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा मेणचट, स्निग्ध पदार्थ आहे. ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांना तो बहुधा तस्करीच्या बातम्यांतून, ‘व्हेल माशाची उलटी’ या नावाने माहीत असतो. नौपाड्यातील किंवा वाशीतील होमिओपॅथिक औषधांच्या दुकानात ‘अंब्रा ग्रिसिया’ लिहिलेली जी छोटी कुपी मिळते, तिचे मूळ द्रव्यही हेच.

‘उलटी’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे. देवमासा माकूल (स्क्विड) खातो. माकुलाच्या टणक चोची पचत नाहीत, आणि त्यांच्या टोचण्याने आतड्यात हा पदार्थ साचत जातो. तो विष्ठेबरोबर बाहेर पडत असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ताजा गोळा काळा, मऊ आणि दुर्गंधीयुक्त असतो. समुद्रावर वर्षानुवर्षे तरंगत ऊन, हवा व खारे पाणी लागल्यावर तो राखाडी होतो आणि त्याला गोडसर, मातकट सुवास येतो. त्यातील मुख्य घटक अंब्रीन. तो पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० मध्ये वेगळा केला. अंब्रीनला स्वतःला वास नसतो. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन बनणारी संयुगे सुगंध देतात, म्हणूनच अत्तरवाल्यांना जुने अंबर हवे असते. तापवलेली सुई टोचली की अंबर तिच्याभोवती वितळून चिकट, काळसर द्रव होते. ही जुनी ओळखखूण आहे. आयुर्वेदाच्या रसशास्त्रातील ‘अग्निजार’ म्हणजे अंबरच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

होमिओपॅथीत अंबराची नोंद संस्थापक सॅम्युएल हानेमान यांनी १८२० च्या दशकात केली. अंबर दुग्धशर्करेबरोबर १ : ९९ या प्रमाणात खलात दीर्घकाळ घोटतात, त्या चूर्णाचा एक भाग पुन्हा ९९ भाग शर्करेत घोटतात, आणि पुढील पोटन्सी (विरलीकरणाच्या पायऱ्या) मद्यार्कात करून साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर टाकतात. कृश, वृद्ध आणि बुजऱ्या रुग्णांसाठी ते मुख्यतः सांगितले जाते. दिवसभर पेंगणारा माणूस उशीला डोके टेकताच टक्क जागा होतो, संगीताने त्रास वाढतो, भोवती परकी माणसे असली की शौचासही होत नाही, ही लक्षणे ग्रंथांतून आढळतात. निरीक्षण म्हणून ती बारकाईची आहेत. औषधाच्या परिणामाला मात्र विश्वासार्ह चाचण्यांचा आधार नाही, आणि ३० पोटन्सीत मूळ अंबराचा एकही रेणू उरण्याची शक्यता व्यवहारतः नसते. त्यामुळे महिनोन्महिने झोप न लागणाऱ्या वृद्धाची रीतसर तपासणी या गोळ्यांपायी लांबवणे घातक ठरू शकते.

स्पर्म व्हेलला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने भारतात कच्चे अंबर बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे, मग तो गोळा आपोआप किनाऱ्याला लागलेला का असेना. असा गोळा आढळल्यास वन विभागाला कळवावे.