नव्वद नंबर, पण कुठला?

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात "डिफरन्शियलचं ऑइल पाहिजे" म्हणालं की काउंटरवरून प्रश्न येतो, "नव्वद का एकशेचाळीस?" तुम्ही नव्वद म्हणता आणि डबा समोर येतो. शेजारीच सिंथेटिकचा डबा, दुप्पट भावाचा. "घ्या साहेब, गाडीला चांगलं असतं." असतंच. पण तुमच्या गाडीला, पुण्यात, किती?

आधी एक खुलासा. डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारी आणि वळणावर त्यांना कमी-जास्त वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी. गाडीला जोर पुढच्या चाकांतून मिळत असेल, म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या, तर तिचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि सहसा दोघांना तेल एकच. पुढचं सगळं बोलेरो, सुमो, ईको, टाटा एस अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी. त्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्यात दीड-दोन लिटर तेल असतं आणि ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात नसतं.

त्या फुगवट्याचं काम मात्र मोठं गमतीचं. दोन चाकांमध्ये १.४ मीटर अंतर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २.२ मीटर जास्त चालतं. वळण लहान असो वा मोठं, फरक तेवढाच. भूमितीच तशी आहे. कात्रजच्या घाटात गाडी उलट दिशेला फिरते तिथे तो ४.४ मीटर होतो. हा फरक पोटातले छोटे गिअर सांभाळतात. पण तेलाचा घाम निघतो तो त्यांच्यापाशी नाही, क्राउन आणि पिनियनपाशी. पिनियन म्हणजे इंजिनकडून जोर आणणारा छोटा गिअर, क्राउन म्हणजे त्याने फिरणारं मोठं दातेरी चक्र.

पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर नसतो, मुद्दाम थोडा खाली बसवलेला असतो. १९२० च्या दशकात अमेरिकी गाड्यांत ही हायपॉइड रचना आली, तेव्हा गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, खाली गेला आणि गाडीचा तळही खाली आणता आला. किंमत मोजली दातांनी. साध्या गिअरात दात एकमेकांवर बरेचसे लोळतात, इथे ते लांबीच्या दिशेने घासतही जातात. दाब किती? टायरमधल्या हवेच्या काही हजार पट. साधं तेल अशा जागी टिकत नाही, दातांमधून बाजूला होतं आणि लोखंड लोखंडाला भिडतं.

म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. डबा उघडल्यावर जो उग्र वास नाकात जातो, तो या गंधकाचा. घर्षणाने दाताचा एखादा बिंदू तापला की तिथेच गंधक लोखंडाशी संयोग पावतं आणि पृष्ठभागावर एक पातळ, सहज सरकणारा थर धरतो. तो घासून जातो, पुन्हा धरतो. म्हणजे दात वाचवायला तेल दाताचा अगदी बारीकसा अंश स्वतःच खातं! डब्यावरचं 'जीएल-५' हे अक्षर सांगतं ते हेच, की हायपॉइडला पुरेल इतकं हे औषध आत आहे. जीएल-४ मध्ये ते कमी असतं. ते हायपॉइड डिफरन्शियलमध्ये ओतू नका आणि जीएल-५ बिनदिक्कत गिअरबॉक्समध्येही ओतू नका. तिथल्या पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना, जास्तीचं गंधक मानवत नाही. गॅरेजमध्ये एकाच डब्यातून दोन्हीकडे तेल ओतलं जाताना मी पाहिलंय, म्हणून जरा जोरात सांगतोय.

आता नंबर. नव्वद नंबरचं तेल म्हणजे इंजिनच्या चाळीसपेक्षा दुपटीने घट्ट, असा समज सर्रास आहे. तो खोटा. दोन्हींचे तक्ते वेगळे आहेत. १०० अंशांना मोजलं तर गिअरचं नव्वद हे इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरतं. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला: ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांना, ८०डब्ल्यू उणे २६ ला ठरावीक मर्यादेपर्यंतच घट्ट व्हायला हवं. शिवाजीनगरला पारा ८ वर आला की आपण शेकोट्या पेटवतो. उणे ४० साठी पुणेकराने जादा पैसे का द्यावेत, हा रास्त प्रश्न आहे.

तर सिंथेटिकचा उपयोग इथे थंडीपेक्षा उष्णतेत. तेलाचं वय तापमानावर ठरतं. ढोबळ हिशेबाने दर १० अंश वाढले की त्याचं ऑक्सिडेशन, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने खराब होणं, दुप्पट वेगाने होतं. भरलेला टेम्पो खंबाटकी चढतो किंवा मागे ट्रेलर लावून गाडी धावते, तेव्हा अ‍ॅक्सलमधलं तेल १०० अंशांपलीकडे जाऊ शकतं. तिथे सिंथेटिक पैसे वसूल करतं. कोथरूड ते हिंजवडी करणाऱ्या रिकाम्या गाडीला चांगलं खनिज ८०डब्ल्यू-९० पुरतं, अट एकच: मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० मागितलेलं नसावं. मागितलं असेल तर वाद घालू नका.

स्वस्तातलं सिंथेटिक हवं असेल तर 'सिंथेटिक' या शब्दाला फार भुलू नये. पूर्वी हा शब्द रसायनशाळेत रेणू जोडून केलेल्या, पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन) सारख्या तेलांसाठी वापरत. १९९९ मध्ये अमेरिकेत जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या संस्थेने हायड्रोजनच्या प्रक्रियेने खूप शुद्ध केलेल्या खनिज तेलालाही तो वापरू दिला. ही तेलं वाईट नाहीत, स्वस्त सिंथेटिक बहुधा याच जातीचं असतं, आणि आपल्या हवेला चालतंही. पारख करायची तर कंपनीच्या माहितीपत्रकात 'व्हिस्कॉसिटी इंडेक्स' पाहा. हा आकडा जितका मोठा, तितका तेलाचा घट्टपणा तापमानाबरोबर कमी बदलतो. १९२९ मध्ये हे माप ठरलं तेव्हा पेन्सिल्व्हेनियाच्या उत्तम तेलाला १०० गुण दिले होते. साधं खनिज ८०डब्ल्यू-९० आजही तिथेच कुठेतरी असतं, खरं सिंथेटिक १४०-१५० च्या घरात किंवा वर. आकडा शंभराच्या आसपास आणि भाव दुप्पट, तर डबा परत ठेवा.

या सगळ्याहून मोठा शत्रू मात्र पावसाळा. गाडी पळून पळून अ‍ॅक्सल तापलेला, आतली हवा फुगलेली. सिंहगड रोडवर तुंबलेल्या पाण्यात ती शिरते, लोखंड झटकन गार होतं, हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं छोटं भोक) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल दुधाळ होतं, चहात साय फेटल्यासारखं. असं तेल कितीही महागाचं असलं तरी टाकूनच द्यायचं. म्हणून चाकं बुडाली असतील तर गणपतीच्या आधी एकदा प्लग उघडून पाहावा. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा चिकटला असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज. धातूचे कपचे दिसले तर मात्र मेकॅनिकला हाक मारा.

आणि तेल बदलताना आधी वरचा, भरायचा प्लग सैल करून पाहा, मगच खालचा काढा. वरचा गंजून बसलेला असतो, आणि हे कळतं ते नेमकं सगळं तेल तसराळ्यात आल्यावर. गाडी सपाट जागी, भोकाच्या खालच्या कडेवरून तेल ओघळायला लागलं की थांबायचं.