पिंग लागतंय म्हणजे साइट चालू आहे असं नसतं

सर्व्हर चालू आहे का हे दर पाच मिनिटांनी आपोआप बघायला छोटी स्क्रिप्ट लिहायची म्हटलं की बरेच जण डोळे झाकून पिंग टाकतात, उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर मेल, झालं काम. मग एखाद्या सकाळी क्लायंटचा फोन येतो की साइट उघडत नाहीये, आणि लॉग बघावा तर रात्रभर सगळं ओके ओके ओके. स्क्रिप्टचा दोष नसतो हो, तिला जे विचारलं तेवढंच तिनं सांगितलं.

पिंग काय करतं तर आयसीएमपीचं (नेटवर्कवर तपासणीचे, चुकांचे निरोप न्यायची पद्धत) एक छोटं इको रिक्वेस्ट पॅकेट पाठवतं आणि समोरून इको रिप्लाय येतो का बघतं, बस. माइक मस यांनी ते 1983 च्या डिसेंबरमध्ये लिहिलं, अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत, तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं ते शोधायला. म्हणजे मुळातच हे नेटवर्क तपासायचं हत्यार. आणि या रिक्वेस्टला उत्तर देतो तो समोरच्या मशीनचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तुमचं ॲप नाही. पानं देणारं एनजिनेक्स पडलेलं असो, डेटाबेस सांभाळणारं मायएसक्यूएल मेलेलं असो, डिस्क 100 टक्के भरलेली असो, कर्नल जिवंत आहे तोवर पिंगला रिप्लाय येतच राहतो. गेटवर वॉचमननं सलाम ठोकला म्हणून आतलं दुकान उघडं आहे असं थोडंच असतं.

उलटी गंमतही होते. ॲमेझॉनच्या ईसीटूवर (भाड्याचे सर्व्हर) नवीन सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे फायरवॉलचे नियम, बनवला की बाहेरून आत येणारं सगळं बंद असतं, आपण एचटीटीपीएसचं 443 पोर्ट उघडतो आणि आयसीएमपी उघडायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, मग साइट मस्त चालू आणि पिंग मात्र 100 टक्के लॉस दाखवतंय. आणि डोमेन क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागे (मधे उभी राहून तुमच्या वतीनं उत्तर देणारी सेवा) असेल तर पिंगला उत्तर क्लाउडफ्लेअरचं मशीन देतं, तुमचा सर्व्हर प्लग काढून कोपऱ्यात ठेवला तरी.

आता कर्ल, म्हणजे कमांड लाइनवरून वेब पत्ता उघडणारं टूल. हे खरंच पान मागतं, म्हणजे आधी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), मग टीसीपी कनेक्शन, मग टीएलएस (एन्क्रिप्शन) आणि सर्टिफिकेट, मग एचटीटीपी (पानाची मागणी), युजरचा ब्राउझर ज्या वाटेनं जातो साधारण त्याच वाटेनं. आणि कुठे अडलं ते एक्झिट कोडवरून (कमांड संपताना देते तो आकडा) कळतं: 6 म्हणजे डोमेनचं नावच सापडलं नाही, 7 म्हणजे कनेक्शन झालं नाही, 28 म्हणजे टाइमआउट, 60 म्हणजे सर्टिफिकेटचं लफडं. सर्टिफिकेट रिन्यू करायचं राहिलं की पिंगला त्याचा पत्ताही लागत नाही, कर्ल मात्र लगेच बोंब मारतं.

पण कर्लही नुसतं लावून चालत नाही, इथेच लोक फसतात. सर्व्हरनं 500 हा चुकीचा स्टेटस दिला तरी कर्लचा एक्झिट कोड 0 च येतो, कारण त्याच्या मते पान मागितलं, काहीतरी आलं, विषय संपला. त्याला फेल हा ऑप्शन द्यायचा, मग 400 किंवा वरचा स्टेटस आला की कोड 22 येतो. मॅक्स टाइम 10 सेकंद वगैरे द्यायचाच, नाहीतर सर्व्हर अर्धवट लटकला की स्क्रिप्टही त्याच्याबरोबर लटकते आणि क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारं) पुढची चालू करतं, मग तिच्यामागे अजून एक. (त्यासाठी फ्लॉक ही लॉक लावणारी कमांड वापरा, एका वेळी एकच चालेल.) आणि सगळ्यात बेरकी प्रकार म्हणजे रीडायरेक्ट. स्क्रिप्टमध्ये पत्ता एचटीटीपीनं लिहिलाय, एनजिनेक्स 301 (पत्ता बदललाय) देऊन एचटीटीपीएसवर पाठवतंय, आणि कर्ल लोकेशन ऑप्शनशिवाय रीडायरेक्टच्या मागे जातच नाही, म्हणजे 301 आला, तो 400 च्या खाली, झालं पास! तुमच्या ॲपला कोणी हातही लावला नाही.

त्यामुळे होमपेज तपासण्यापेक्षा एक वेगळा हेल्थचा पत्ता बनवलेला बरा, जो डेटाबेसला एक साधी क्वेरी मारतो आणि जमलं तर 200 देतो, नाही जमलं तर 503. होमपेज कॅशमधून (आधी साठवलेल्या कॉपीतून) येत असेल तर डेटाबेस जाऊनही ते छान दिसत राहतं.

मग पिंग फेकून द्यायचं का? अजिबात नाही, फक्त त्याची जागा दुसरी. आधी कर्ल, ते फेल झालं की मग पिंग, एक-दोन पॅकेट, दोन सेकंदांचा टाइमआउट, आणि दोन्हींचा निकाल एकाच मेलमध्ये. पिंग आलं आणि कर्ल नाही, तर बहुतेक सर्व्हिस रीस्टार्ट करायचीय, दोन्ही गेलं तर होस्टिंगवाल्याला फोन. रात्री दोनला झोपेतून उठलेल्या माणसाला एवढा फरक सांगितला तरी खूप झालं. अर्थात ज्या सर्व्हरला पिंग मुळातच बंद आहे तिथे ही युक्ती चालणार नाही, आधी एकदा चालू असताना मारून बघा.

स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर ठेवू नका हे सांगायला नको, पण ठेवलेली असते लोकांनी. आणि एका फेल्युअरवर लगेच मेल नको, थोडं थांबून दोनदा परत बघा, आणि शेवटची स्थिती एका फाइलमध्ये लिहून ठेवा म्हणजे पडल्यावर एक मेल आणि उठल्यावर एक मेल, दर पाच मिनिटांनी तोच मेल नाही.