पार्श्वभूमी : आरशापुढे सापडलेली अलेक्झांडर पद्धत

‘पोक काढू नकोस, ताठ बस’ असं कुणी म्हटलं की आपण छाती पुढे काढतो, कंबर आवळतो आणि दोन मिनिटांत पुन्हा होतो तसेच. पाठ अशी ताणून धरणं ही आणखी एक ओढाताणच आहे, हे ज्याने नेटाने मांडलं तो ना डॉक्टर होता ना पहिलवान. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर (१८६९–१९५५) हा टास्मानियात जन्मलेला, शेक्सपिअरचे उतारे म्हणून दाखवणारा कलावंत.

कार्यक्रम रंगात यावा आणि त्याचा घसा बसावा, असं होऊ लागलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तेवढ्यापुरता आवाज सुटायचा, रंगमंचावर चढलं की पुन्हा खरखर. म्हणजे बोलताना आपणच काहीतरी करत असणार, असं ताडून तो आरशापुढे उभा राहिला. तोंड उघडताच डोकं मागे खेचलं जातंय, कंठ खाली दाबला जातोय आणि श्वास तोंडाने, आवाज करत ओढला जातोय, हे त्याला दिसलं. मग डोकं पुढे घेऊ, एवढंच ना? त्याने आणखी दोन आरसे लावले, तेव्हा कळलं की डोकं पुढे घेतल्याची पक्की खात्री असताना ते मागेच जात होतं.

माझ्या मते त्याचा खरा शोध हाच. वर्षानुवर्षांची सवय शरीराला ‘बरोबर’ वाटू लागते, त्यामुळे अंदाजाने सरळ होऊ पाहणारा बहुधा वाकडाच राहतो. त्याचा तोडगाही विलक्षण होता : बोलावंसं वाटलं की लगेच बोलायचंच नाही. आधी ती खेच थांबवायची. मान मोकळी, डोकं पुढे आणि वर, पाठ लांब-रुंद, असं मनात म्हणायचं आणि मगच बोलायचं, किंवा नाहीही. शिकवताना नुसत्या शब्दांनी भागेना, म्हणून शिष्याच्या मानेला-पाठीला हलका हात लावणं आलं. खुर्चीतून उठणं-बसणं हा आजही या शिकवणीतला नेहमीचा धडा आहे.

१९०४ साली तो लंडनला आला. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ, कादंबरीकार ऑल्डस हक्सली, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई असे शिष्य मिळाले आणि १९३१ मध्ये शिक्षक घडवणारा वर्ग सुरू झाला. १९७३ च्या नोबेल व्याख्यानात प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी त्याच्या कामाची भरभरून दखल घेतली. अर्थात नोबेलविजेत्याची शाबासकी म्हणजे पुरावा नव्हे.

शरीराच्या सवयी बदलण्याची दुसरी वाट मोशे फेल्डेनक्राइस या अभियंत्याची. ज्युदो खेळणाऱ्या या गड्याचा गुडघा दुखावला होता. त्याने माणसाला जमिनीवर निजवून अगदी हळू, छोट्या हालचाली करायला लावल्या. जोर जितका कमी, तितका फरक नेमका जाणवतो, हे त्यामागचं तत्त्व. तिसरी वाट आयडा रॉल्फ या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईची. तिचा भर मात्र स्नायूंवरच्या आवरणांना खोल दाब देण्यावर होता. या दाबामागचा पुरावा तोकडा आहे.

अलेक्झांडर पद्धतीची मोठी चाचणी २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. जुनी पाठदुखी असलेले ५७९ रुग्ण होते. वर्षअखेरीस नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात चार आठवड्यांत दुखण्याचे दिवस साधारण २१ होते. अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांत ३. आणखी एका गटाला मसाज दिला होता, त्याचा गुण एवढा टिकला नाही. मात्र कण्याचा गंभीर आजार असण्याची शंका असलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. तेव्हा पाय बधिर होत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा.