पवित्र ‘म्हणून’ की पवित्र व्हावे ‘म्हणून’?

देवाने माणसाला निवडले ते पवित्र म्हणून, की पवित्र व्हावे म्हणून? मराठीतला ‘म्हणून’ दोन्हीकडे चालतो. ख्रिस्ती धर्मशास्त्रात मात्र नेमक्या या फरकावर शतकानुशतके वाद झाले. बायबलच्या नव्या करारातले इफिसकरांस पत्र (१:४) दुसऱ्या बाजूला उभे आहे. जगाच्या स्थापनेपूर्वी ख्रिस्तात निवड झाली, ती आपण पवित्र व निर्दोष असावे यासाठी.

मूळ कल्पना जुन्या करारातली. त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएलला बजावले आहे : तुम्ही संख्येने मोठे म्हणून निवडले नाही, तुम्ही तर सर्वांत थोडे होता; कारण देवाची प्रीती आणि पूर्वजांशी वाहिलेली शपथ. ‘पवित्र’ला तिथे हिब्रू शब्द आहे कादोश, म्हणजे वेगळे काढून ठेवलेले. म्हणून भांडीसुद्धा पवित्र असू शकतात. माणसाच्या बाबतीत हे वेगळेपण कशात दिसायचे, ते ‘लेवीय’ १९ सांगते : शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडणे, मजुराची मजुरी रात्रभर अडवून न ठेवणे, वजनमापे खरी ठेवणे. पवित्रता म्हटली की फक्त प्रार्थना डोळ्यांपुढे आणणाऱ्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. पेत्राच्या पहिल्या पत्राने हाच धागा आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या मंडळ्यांपर्यंत नेला.

पुढे पेलागियस या ख्रिस्ती शिक्षकाने मानवी इच्छाशक्तीवर भर दिला, तर बिशप ऑगस्टीनने कृपेवर, म्हणजे माणसाने न कमावलेल्या देवाच्या दयेवर. कार्थेजच्या परिषदेने ४१८ मध्ये पेलागियसची मते नाकारली. ५२९ च्या ऑरेंज परिषदेने कृपेचा अग्रक्रम मान्य केला. पण देव कोणाला पापासाठी नेमतो, हे म्हणणे धिक्कारले.

खरा भडका नेदरलँड्समध्ये उडाला. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमे मांडली. त्यांच्या मते, कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून देव निवडतो. १६१८-१९ च्या डॉर्ट धर्मसभेने ते फेटाळले : विश्वास आणि पवित्रता ही निवडीची कारणे नव्हेत, फळे आहेत. याच सुमारास राजकारणही पेटले होते. आर्मिनियन पक्षाचे पाठीराखे मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट यांचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला.

या सभेने मंजूर केलेल्या ‘डॉर्टच्या नियमां’चा व्यावहारिक भाग सहसा दुर्लक्षितच राहतो. आपली निवड झाली की नाही, हे देवाच्या गुप्त गोष्टींत डोकावून कळत नाही. खरा विश्वास, लेकराला बापाचा असतो तसा देवाचा धाक, पापाबद्दल दुःख, नीतिमत्त्वाची भूक, ही फळे स्वतःत पाहावीत. ज्यांना अजून खात्री वाटत नाही त्यांनी घाबरू नये, वचन, संस्कार अशी कृपेची साधने वापरत राहावीत. तरीही चुका दोन्हीकडे झाल्या. ‘निवडलेलेच आहोत, मग वागणुकीचे काय?’ म्हणत कोणी बेफिकीर झाले, तर कोणी रोज स्वतःची नाडी तपासत खचले. पहिली चूक होते ती फळ निवडीपासून तोडल्याने, दुसरी फळालाच मूळ समजल्याने.

१७३९ मध्ये मेथडिस्ट चळवळीचा इंग्रज प्रवर्तक जॉन वेस्लीने ‘मोफत कृपा’ या प्रवचनात डॉर्टच्या बाजूची शिकवण नाकारली. ती पवित्रतेची ओढच मारते, असा त्याचा आक्षेप. मुंबईत दोन्ही परंपरा आल्या : १८१३ मध्ये कॅल्विनच्या, म्हणजे डॉर्टच्याच वळणाचे अमेरिकन काँग्रिगेशनल पंथाचे मिशनरी, १८७१ मध्ये मेथडिस्ट विल्यम टेलर. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या त्यात आल्या. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेचे चर्च वेगळेच राहिले.